श्वासाचा हिशेब : देशोदेशींचा आणि जबलपूरचा

जबलपूर म्हटले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांच्यामधून वाहणारी नर्मदा उभी राहते. या शहराशी मराठी भाषिकांचा संबंध जुना आहे. १८१७ पर्यंत या भागावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदत होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कलकत्त्याहून आलेल्या लोहमार्गाला १८७० साली मिळाला, तो याच गावी. त्या लोहमार्गाने भोवतालच्या रानातील तेंदूच्या पानाला दूरचा बाजार मिळवून दिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून जबलपूर हे विडीच्या धंद्याचे एक मोठे केंद्र बनले. पुढे गोंदिया आणि भंडारा येथपर्यंत या धंद्याची साखळी पसरली.

याच शहरात १९५५ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते, आणि छातीच्या रोगांसाठी तेथे स्वतंत्र संस्थाही उभी राहिली आहे. महाकोशलातील अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात थंडीच्या दिवसांत दोन प्रकारचे रुग्ण हमखास दिसतात. एक, साठीच्या घरातला पुरुष, ज्याने तीस-चाळीस वर्षे विडी ओढली आहे. दुसरी, त्याच वयाची खेड्यातली स्त्री, जिने विडीला कधी हातही लावला नाही; पण लहानपणापासून चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला आहे. दोघांनाही चार पावले चालताच धाप लागते, दोघांचाही खोकला वर्षानुवर्षे हटत नाही, आणि दोघेही आपल्या दुखण्याला एकाच नावाने ओळखतात. ते नाव म्हणजे दमा.

हेच दुखणे घेऊन एखादा माणूस लंडनच्या, हेलसिंकीच्या किंवा ब्राझीलमधील साल्वादोर शहराच्या दवाखान्यात गेला असता, तर त्याचे पुढे काय झाले असते? हा प्रश्न कुतूहलाचा नाही. एकाच रोगाने एका देशात माणूस पंधरा-वीस वर्षे बऱ्यापैकी जगतो आणि दुसऱ्या देशात तो लवकर अंथरुणाला खिळतो, असे जर घडत असेल, तर त्या दोन देशांमधील अंतर रोगाचे नसून व्यवस्थेचे आहे, असे म्हणावे लागेल.

प्रथम हा रोग काय आहे ते पाहिले पाहिजे. नाकावाटे आत गेलेली हवा श्वासनलिकेतून, तिच्या झाडाच्या फांद्यांसारख्या अधिकाधिक बारीक होत जाणाऱ्या शाखांतून, शेवटी वायुकोशांपर्यंत पोहोचते. हे वायुकोश म्हणजे अतिशय पातळ भिंतींचे कोट्यवधी फुगे होत. त्या भिंतींतून प्राणवायू रक्तात शिरतो. धूर वर्षानुवर्षे आत जात राहिला, म्हणजे बारीक नलिकांना सूज येते, त्यांत कफ साचतो, आणि वायुकोशांच्या भिंती झिजून त्यांची लवचिकता नाहीशी होते. सैल पडलेल्या रबरी फुग्यातून हवा जशी आपोआप बाहेर येत नाही, तशीच या फुफ्फुसांतून ती बाहेर येत नाही. रुग्णाला वाटते की आपल्याला हवा आत घेता येत नाही. वस्तुतः जुनी हवा बाहेर पडत नाही, म्हणून नव्या हवेला जागा उरत नाही.

खरा दमा यापेक्षा वेगळा असतो. तो बहुधा लहान वयात सुरू होतो, त्यात नलिका एकाएकी आकुंचन पावतात आणि औषधाने पुष्कळशा पूर्ववत होतात. धुराने जडलेल्या विकारात मात्र गेलेले परत येत नाही. डॉक्टर त्याला सी. ओ. पी. डी. म्हणतात, मराठीत त्याला फुफ्फुसांचा जुनाट अवरोधक विकार म्हणता येईल. लोकांच्या तोंडी दोहोंना एकच शब्द असल्यामुळे पहिला घोटाळा येथेच होतो. ज्या रोगाला स्वतःचे नाव नाही, त्याची नोंद होत नाही; आणि ज्याची नोंद नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही.

हा रोग ओळखण्याचे साधन मात्र फार जुने आहे. लंडनचे शल्यवैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली श्वास मोजण्याचे यंत्र पुढे आणले आणि दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजून दाखविले. पाण्यात उलटे ठेवलेले भांडे माणसाच्या फुंकरीने किती वर उचलले जाते, एवढेच ते यंत्र पाही. आजचा स्पायरोमीटर हातात मावतो. तत्त्व तेच आहे. रुग्णाने छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि तो सर्व जोराने बाहेर सोडावयाचा. निरोगी मनुष्य त्यातील बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. नलिका रुंद करणारे औषध देऊनही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली राहिले, तर हवेच्या वाटेत कायमचा अडथळा आहे असे सामान्यतः मानतात. या तपासणीस रक्त काढावे लागत नाही, की चित्र घ्यावे लागत नाही.

असे असताना देशोदेशींची तुलना सोपी असावी असे वाटेल. ती तशी नाही. भारतात बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांना खोकला, कफ आणि धाप यांविषयी प्रश्न विचारण्यात आले. पस्तीस वर्षांवरील लोकांत जुनाट खोकल्याचा, म्हणजे क्रॉनिक ब्राँकायटिसचा, विकार सुमारे साडेतीन टक्के आढळला. याउलट चीनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोकांना यंत्रात फुंकावयास लावले गेले, आणि वीस वर्षांवरील लोकांत ८.६ टक्के, म्हणजे जवळजवळ दहा कोटी लोक, या विकाराने ग्रस्त आढळले. यावरून चीनमध्ये हा रोग भारताच्या अडीचपट आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. एका ठिकाणी प्रश्न विचारला होता, दुसऱ्या ठिकाणी श्वास मोजला होता. शिवाय वयाची मर्यादाही निराळी होती आणि रोगाची व्याख्याही. विचारले असता माणूस ‘थोडा खोकला आहे’ एवढेच म्हणतो. खोटे सांगत नाही, तर इतक्या वर्षांच्या खोकल्याला तो रोग मानीतच नाही. चीनच्याच पाहणीत, ज्यांना हा विकार निघाला त्यांपैकी अवघ्या २.६ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊक होते.

ही अडचण दूर करण्यासाठी अनेक देशांत एकाच पद्धतीने श्वास मोजण्याचा उद्योग शास्त्रज्ञांनी हाती घेतला. त्यात पुणे, मुंबई, म्हैसूर आणि श्रीनगर ही भारतीय शहरेही सहभागी होती. या संशोधनातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. या रोगाने होणारे मृत्यू ज्या देशांत अधिक, तेथे धूम्रपान अधिक असेलच असे नाही. परंतु तेथे दारिद्र्य अधिक असते, आणि लोकांच्या फुफ्फुसांत मावणारी हवाच मुळात कमी असते. गर्भावस्थेतील कुपोषण, बालपणीचे न्यूमोनियाचे आजार, घरातील धूर यांमुळे फुफ्फुसे पूर्ण वाढतच नाहीत. मोठेपणी त्यांची झीज सुरू होते, तेव्हा गाठीची शिल्लकच तोकडी असते.

धनिक देशांचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. जुनाट खोकल्याचा विकार इंग्लंडात इतका बोकाळलेला होता की यूरोपातील लोक त्याला ‘इंग्रजी रोग’ म्हणत. तेथे घराघरांत दगडी कोळशाच्या शेगड्या जळत. १९५२ सालच्या डिसेंबर महिन्यात ५ ते ९ तारखांच्या दरम्यान लंडनवर धूर आणि धुके यांचे असे दाट आच्छादन पसरले की भर दिवसा माणसाला आपले पाऊल दिसेना. त्या आपत्तीत सुमारे चार हजार माणसे दगावली असा हिशेब तेव्हा झाला. पुढील संशोधनाने तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ साली तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला आणि शहरांतील घरगुती कोळशाचा धूर हळूहळू हटला. मग तंबाखूकडे लक्ष गेले. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने धूम्रपानाविरुद्ध आपले अहवाल प्रसिद्ध केले. लंडनमधील शेकडो पुरुषांवर आठ वर्षे लक्ष ठेवून फ्लेचर आणि पीटो या संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले की धूम्रपान सोडल्यावर गमावलेली शक्ती परत येत नाही. पण पुढची घसरण सामान्य माणसाच्या वयोमानाने होणाऱ्या घसरणीइतकी मंद होते. या रोगाविषयी आजवर हाती आलेल्या ज्ञानात याहून आशादायक गोष्ट क्वचितच असेल.

इंग्लंड-अमेरिकेत या रोगाचे मुख्य कारण तंबाखू हेच ठरल्यामुळे त्याला धूम्रपान करणाऱ्यांचा रोग मानण्याची प्रथा पडली, आणि तीच समजूत आपल्या वैद्यकीय शिक्षणातही उतरली. ही समजूत अपुरी आहे हे दाखवून देण्यात पुण्यातील एका संशोधकाचा वाटा आहे. डॉ. संदीप साळवी यांनी लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक विवेचन प्रसिद्ध केले, आणि ज्यांनी कधीही धूम्रपान केले नाही अशांतही हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, याकडे जगाचे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार धनिक देशांतील सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांत तंबाखू हे कारण असते. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण तीस ते चाळीस टक्केच भरते. बाकीचे श्रेय चुलीच्या, रस्त्याच्या आणि कामाच्या ठिकाणच्या धुराकडे व धुळीकडे जाते.

आता भारताचा हिशेब पाहू. २०१६ सालासाठी केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात या विकाराचे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. १९९० साली ते २ कोटी ८१ लाख होते. या वाढीतील पुष्कळसा भाग लोकसंख्या वाढल्यामुळे आणि लोकांचे आयुर्मान वाढल्यामुळे झालेला आहे. शंभर माणसांत सुमारे चार हे प्रमाण पाहिले, तर भारत इतर देशांहून फार निराळा आहे असे वाटणार नाही. परंतु त्याच अभ्यासात आणखी एक माप वापरले होते. अकाली मृत्यूमुळे गमावलेली आणि दुखण्यामुळे निकामी झालेली वर्षे मोजून एखादा रोग माणसाच्या आयुष्यातून किती वर्षे हिरावून घेतो, हे त्या मापाने कळते. त्या मापाने जगाच्या १८ टक्के लोकसंख्येच्या भारताकडे श्वसनाच्या जुनाट रोगांनी होणाऱ्या हानीचा ३२ टक्के वाटा आला. एकेका रुग्णामागे पाहिले, तर या विकाराने होणारी हानी जगाच्या सरासरीच्या १.७ पट, आणि खऱ्या दम्याने होणारी हानी २.४ पट भरली.

या दोन आकड्यांत साऱ्या तुलनेचे सार आहे. रुग्ण किती आहेत, यापेक्षा रुग्ण झाल्यावर माणसाचे काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दम्याचा विचार केला तर ही गोष्ट विशेष खटकते. कारण दमा हा औषधाने उत्तम प्रकारे आटोक्यात राहणारा रोग आहे. त्याने भारतातील एका रुग्णाचे जगातील सरासरी रुग्णापेक्षा अडीचपट नुकसान व्हावे, याचे कारण त्याच्या फुफ्फुसांत शोधून सापडणार नाही. ते दवाखान्याच्या आणि त्याच्या घराच्या मधल्या अंतरात सापडेल.

या अभ्यासाने भारतातील हानीची कारणेही वेगळी करून दाखविली. निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के हानी घरातील व बाहेरील दूषित हवेमुळे, सुमारे २५ टक्के तंबाखूमुळे आणि सुमारे १७ टक्के कामाच्या ठिकाणच्या धुळीमुळे व वाफांमुळे होते, असे त्यात आढळले. जबलपूर आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश पाहिला, तर या तिन्ही कारणांची उदाहरणे एकाच मुलखात भेटतात.

तंबाखूचे उदाहरण विडीचे. विडीत तंबाखू सिगारेटच्या सुमारे पाव हिश्शाएवढीच असते, म्हणून ती कमी अपायकारक असावी असा समज आहे. तो खरा नाही. तेंदूचे पान कागदासारखे सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून ती ओढणाऱ्याला वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. परिणामी एका विडीतून छातीत जाणारा विषारी धूर सिगारेटपेक्षा कमी नसतो, बहुधा अधिकच असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक विडी ओढणारे आणि ४ टक्के सिगारेट ओढणारे आढळले. तेव्हा भारतातील तंबाखूचा प्रश्न हा आधी विडीचा प्रश्न आहे. विडी वळणाऱ्या स्त्रिया ती ओढीत नाहीत. पण मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसतात, आणि तंबाखूची भुकटी त्यांच्या श्वासाबरोबर आत जाते. या कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यांच्या कल्याणासाठी १९७६ साली विडीवर उपकर बसला. २०१७ साली नवी करपद्धती आली, तेव्हा तो उपकर रद्द झाला.

चुलीची गोष्ट याहून व्यापक आहे. मंडला, दिंडोरीच्या रानातून मोळी आणणारी स्त्री तीच लाकडे घरात जाळते. त्यांच्या जोडीला गोवऱ्या असतात. हवा न खेळणाऱ्या अशा घरांत धुराच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या शंभरपट असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के, देशात सुमारे ५९ टक्के, तर मध्य प्रदेशात ४० टक्के आढळली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत नऊ कोटींहून अधिक गॅसजोडण्या पोहोचविल्या, हे मोठे काम आहे. तथापि सिलिंडर घरात असणे आणि चूल विझलेली असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रानातले सरपण फुकट मिळते. सिलिंडर पुन्हा भरावयास पैसे पडतात. त्यामुळे चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत होते.

धुळीचे उदाहरण याच राज्याच्या पश्चिम टोकाला, मंदसौर येथे सापडते. पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या तेथील कामगारांच्या फुफ्फुसांत दगडाची भुकटी साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार मोठ्या प्रमाणावर जडलेला संशोधकांना आढळला होता. या तिन्ही कारणांच्या जोडीला आणखी एक कारण असे आहे की ज्याची पाश्चात्त्य ग्रंथांत फारशी चर्चा नसते. ते म्हणजे क्षय. जबलपूर येथे १९८४ पासून आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्य प्रदेशातील आदिवासींमध्ये फुफ्फुसांच्या क्षयाचे प्रमाण लाखात ३८७ आढळले. सहरिया या अतिमागास जमातीत तर ते लाखात १,५१८ निघाले. क्षय औषधाने बरा होतो. पण त्याने फुफ्फुसांवर पाडलेले व्रण राहतात. पुढे त्या माणसाला धाप लागली की पुन्हा क्षयाचीच शंका घेतली जाते, आणि श्वास मोजण्याचे राहून जाते.

कारणे अशी गुंतलेली असली, तरी उपाय अज्ञात नाहीत. फिनलंडने १९९४ ते २००४ या दहा वर्षांत दम्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालविली. तीत कोणतेही नवे औषध शोधलेले नव्हते. गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत या रोगाची जबाबदारी एका ठरावीक डॉक्टरावर आणि परिचारिकेवर सोपविली गेली, औषधविक्रेत्यांनाही शिक्षण दिले गेले, आणि रोग लवकर ओळखून श्वासावाटे घ्यावयाचे औषध पहिल्यापासून नियमित देण्याचा नियम घालून दिला गेला. त्या काळात दम्याचे ज्ञात रुग्ण कमी झाले नाहीत, उलट वाढले. पण रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून खाली आले. श्वसनाच्या जुनाट अवरोधक विकारासाठीही त्या देशाने अशीच मोहीम १९९८ साली सुरू केली.

फिनलंड हा धनवान आणि विरळ वस्तीचा देश. त्याचे उदाहरण भारताला लागू पडेल काय, अशी शंका कोणी घेईल. तिला ब्राझीलचे उत्तर आहे. साल्वादोर शहरात २००३ पासून गंभीर दम्याच्या गरीब रुग्णांना तपासणी, शिक्षण आणि श्वासावाटे घ्यावयाची औषधे विनामूल्य देण्यात येऊ लागली, आणि त्या शहरातील दम्यासाठी होणारी रुग्णालयभरती फार मोठ्या प्रमाणात घटली. २०१२ पासून ब्राझीलने दम्याची मुख्य औषधे देशभरच्या औषधदुकानांतून मोफत देण्यास आरंभ केला.

धूर कमी केल्याने काय होते, हे चीनमधील श्वानवेई या ग्रामीण भागाने दाखवून दिले. तेथील लोक घरात उघड्या खड्ड्यात दगडी कोळसा जाळीत. पुढे अनेक कुटुंबांनी धुराडे असलेल्या चुली बसविल्या. वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून २००५ साली संशोधकांनी दाखविले की अशा घरांत या विकाराचे प्रमाण पुरुषांत सुमारे ४० टक्क्यांनी आणि स्त्रियांत सुमारे २५ टक्क्यांनी घटले. फायदा मात्र पूर्णपणे दिसावयास दहा वर्षांच्या आसपास काळ गेला. ज्या उपायाचे फळ एका निवडणुकीच्या मुदतीत दिसत नाही, त्याला धीर लागतो.

आपल्याकडे साखळी कोठे तुटते हे आता ध्यानात येईल. पहिला दुवा निदानाचा. रक्तदाब मोजण्याचे साधन प्राथमिक आरोग्यकेंद्रात असते, साखर तपासता येते. श्वास मोजण्याचे साधन व ते वापरणारा शिकलेला माणूस सहसा जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो. दुसरा दुवा औषधाचा. श्वासावाटे औषध घेण्याच्या साधनाला लोक ‘पंप’ म्हणतात, आणि पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, असा समज घट्ट रुजलेला आहे. खरी गोष्ट उलट आहे. श्वासनलिका रुंद करणाऱ्या साल्ब्युटामोल या औषधाची गोळी चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या दोन दाबांत त्याच औषधाचा सुमारे विसावा हिस्सा असतो. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून साऱ्या शरीरात जाते, म्हणून हात कापतात व छाती धडधडते. पंपातील औषध जेथे हवे तेथेच, म्हणजे श्वासनलिकेत, पडते. नाकावर चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागली असे कोणी म्हणत नाही. पंपाविषयी तसे म्हणण्याचेही कारण नाही.

तिसरा दुवा खर्चाचा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबाला रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. परंतु रुग्णालयात दाखल होण्याची वेळच येऊ नये म्हणून घरी रोज घ्यावयाच्या औषधाचा खर्च त्या योजनेत येत नाही. आणि सरकारी दवाखान्यात पंप सर्वत्र व सदैव मिळतोच असेही नाही. म्हणजे दम कोंडून रुग्ण शेवटच्या अवस्थेत आला की त्याच्यासाठी दार उघडते, आणि त्याच्या आधीच्या वीस वर्षांत ते अर्धवट मिटलेले असते. फिनलंड आणि ब्राझील यांनी नेमके हेच उलट केले.

सारांश, जबलपूरच्या त्या पुरुषाला आणि त्या स्त्रीला वाचविण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्या आणि ठाऊक असलेल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी श्वास मोजण्याची सोय, नियमित मिळणारा स्वस्त पंप व तो कसा ओढावा हे समोर बसून दाखविणारी परिचारिका, विडी सोडण्यास मदत, आणि पुन्हा भरता येईल अशा किमतीचा सिलिंडर. चालण्याचा व श्वासाचा नियमित व्यायाम आणि इन्फ्लुएंझाची लस यांनीही अशा रुग्णांचे दुखणे उणावते. ज्या घरात चाळिशीनंतर एखाद्याचा खोकला तीन-चार महिने हटत नाही, किंवा जिना चढताना जो बरोबरीच्यांच्या मागे पडतो, त्याला वय झाले असे म्हणून सोडून न देता श्वास मोजावयास न्यावे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगे आहे.

हवा सुधारण्यासाठी केलेल्या उपायांबद्दल केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत जबलपूरचा दुसरा क्रमांक लागला. हे त्या शहराला भूषणावह आहे. तेथील चौकांत हवा मोजणारी यंत्रे बसली आहेत. परंतु नर्मदेपलीकडच्या खेड्यात चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या स्वयंपाकघरात असे यंत्र नाही, आणि तिचा स्वतःचा श्वासही कोणी मोजलेला नाही. देशोदेशींच्या तुलनेतून एवढेच शिकावयाचे आहे की ज्या देशांनी तिच्यासारख्यांचा श्वास वेळेवर मोजला, तेथे रुग्ण पुष्कळ राहिले, पण त्यांतले थोडेच लवकर गेले.